इन्व्हर्टरची बॅटरी खरंच संपलीये का? घरी टेस्ट कशी करायची आणि बदलायची कधी

मल्टीमीटर लावला, १२.६ व्होल्ट आलं, म्हणजे बॅटरी ठणठणीत, असं समजून बरेच जण निर्धास्त राहतात आणि मग जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडतो, फीडर ट्रिप होऊन लाईट जाते आणि अर्ध्या तासात इन्व्हर्टर बोंबलायला लागतो. १२.६ हा आकडा खोटा नसतो. पण तो फक्त एवढंच सांगतो की बॅटरीत आत्ता जेवढी जागा उरलीये तेवढी भरलेली आहे, मुळात जागा किती उरलीये ते तो सांगत नाही. १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो ते) बॅटरी पाच वर्षांत झिजून ६० एएचची झाली तरी फुल चार्ज झाल्यावर ती साधारण १२.६ च दाखवणार. म्हणून बॅटरीचं वय मोजायचं असेल तर मीटरपेक्षा घड्याळ जास्त कामाचं, लोड लावून किती मिनिटं चालते ते बघायचं आणि लिहून ठेवायचं, बाकी सगळ्या टेस्ट त्याच्या मदतीला.

हे मुख्यतः घरच्या साध्या सेटअपबद्दल आहे, म्हणजे १२ व्होल्टची एक किंवा २४ व्होल्टसाठी दोन अशा पाणी टाकायच्या ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटच्या) बॅटऱ्या. यूपीएसमधल्या छोट्या एसएमएफ (सीलबंद, पाणी न लागणाऱ्या) आणि सोसायटीच्या लिफ्ट-जनरेटरच्या बॅटऱ्यांबद्दल पण पुढे लिहिलंय, कारण त्यांच्याकडे तर कुणी ढुंकूनही बघत नाही.

टेस्ट कधी करायची? एप्रिल किंवा मे. पावसाळ्याच्या आधी कळलं तर शांतपणे चार दुकानं फिरून नवीन घेता येते, लाईट गेल्यावर कळलं तर जे मिळेल ते घ्यावं लागतं. आणि एक सांभाळा, टेस्टनंतर बॅटरी रिकामी असते, तिला पुन्हा भरायला रात्रभर लागते, तर दुसऱ्या दिवशी शटडाऊन असेल तर आदल्या संध्याकाळी टेस्ट करू नका. पुण्यात मेंटेनन्सचा शटडाऊन बहुतेक गुरुवारी असतो, म्हणजे बुधवार टाळायचा.

हात लावण्याआधी

अंगठी, घड्याळ, बांगड्या, लोंबणारी चेन काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण अंगठी आणि पाना मिळून दोन टर्मिनल जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि बोट भाजतं, अगदी वाईट भाजतं. डोळ्यांना सेफ्टी चष्मा हवाच. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, त्यामुळे जवळ उदबत्ती, निरांजन, काडी काही नको. बऱ्याच घरांत देवघराच्या खालीच बॅटरी ठेवलेली असते, ती जागाच चुकीची आहे, जमेल तेव्हा हलवाच. शेजारी खायच्या सोड्याचा डबा आणि पाण्याची बादली ठेवा, ॲसिड सांडलं तर सोडा टाकायचा. अंगावर उडालं तर सोडा वगैरे नाही, सरळ भरपूर पाणी, आणि डोळ्यात गेलं तर पाण्याने धूत राहायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

वायर काढायच्या असतील तर आधी इन्व्हर्टर बंद, प्लग काढलेला, मग निगेटिव्ह आधी काढायची आणि पॉझिटिव्ह नंतर. लावताना उलटं, पॉझिटिव्ह आधी.

आता नुसतं बघा. डब्याची बाजू फुगलीये का, टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आलाय का, पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट खाली बसलेत का. फुगलेली बॅटरी असेल तर पुढची टेस्ट करायचीच नाही, ती बदलायची. थर असेल तर कोमट पाणी आणि सोड्याने धुवा, वाळवा, लग (वायरच्या टोकाचा धातूचा भाग) घट्ट करा, वर व्हॅसलीन लावा. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, वरच्या खुणेपर्यंत, त्याच्यावर नाही. नळाचं पाणी नको, आणि घरच्या आरओचं पण नको, त्यात क्षार कमी असतात पण असतातच. प्लेट उघड्या पडल्या असतील तर तेवढा भाग बहुतेक गेलेलाच असतो, पाणी टाकून तो परत येत नाही. पाणी टाकलं की त्या दिवशी टेस्ट नाही करायची, कारण नवीन पाणी वरच राहतं आणि ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता, ती कशी मोजायची ते पुढे आहे) उगाच कमी दिसते, एक पूर्ण रात्र चार्जिंग होऊ द्या.

व्होल्टेज कशासाठी बघायचं

निरुपयोगी नाहीये, फक्त त्याचं काम वेगळं आहे. बॅटरी १०-१२ तास चार्ज करा, मग मेन बंद करून लोड काढून तीन-चार तास तशीच राहू द्या, रात्रभर राहिली तर उत्तमच. चार्जिंगवरून काढल्या काढल्या मोजलं तर १३ च्या वर दिसेल, तो वरवरचा चार्ज असतो, त्याला काही अर्थ नाही. आरामानंतर १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

खरी माहिती देणारा आकडा म्हणजे १०.५. रात्रभर चार्ज करूनही आरामानंतर १०.५ च्या आसपासच थांबतेय तर सहापैकी एक सेल शॉर्ट झालाय, कारण १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, एकेक साधारण २.१ चा, आणि पाच सेल म्हणजे १०.५. हिचं पुढे काही होत नाही. उलट ती जोडून ठेवणं धोक्याचं आहे, चार्जरला वाटतं बॅटरी अजून भरलीच नाही म्हणून तो बूस्टमध्येच, म्हणजे जोरात चार्ज करण्याच्या टप्प्यातच, राहतो, उरलेले पाच सेल उकळतात, पाणी भराभर आटतं, बॅटरी गरम होते. सडक्या अंड्यासारखा वास आला तर लगेच चार्जिंग बंद करायचं आणि खिडक्या उघडायच्या.

आणि चार्जिंग चालू असताना पण एकदा मोजा. बूस्टमध्ये साधारण १४.४, भरल्यावर फ्लोटमध्ये, म्हणजे नुसतं भरलेलं ठेवण्याच्या टप्प्यात, १३.५ ते १३.८. चार्जिंगचा व्होल्टेज १३ च्या वर जातच नसेल तर बॅटरीवर खापर फोडण्याआधी इन्व्हर्टर आणि घरातला सप्लाय बघा. गावाकडे संध्याकाळी पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की घरात १७०-१८० व्होल्ट येतात आणि तेवढ्यावर बरेच इन्व्हर्टर चार्जच करत नाहीत. अशी अर्धपोटी राहिलेली बॅटरी बॅकअप देत नाही, दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, नवीन घेतली जाते, आणि वर्षभरात तिचीही तीच गत होते.

ग्रॅव्हिटी: सहा सेलचे सहा आकडे

ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर स्वस्तात मिळतो, बॅटरीच्या कुठल्याही दुकानात. एकेक झाकण उघडायचं, ॲसिड दोन-तीनदा आत-बाहेर करायचं, मग फ्लोट मोकळा तरंगेल एवढं ओढून डोळ्यासमोर धरून वाचायचं आणि ॲसिड त्याच सेलमध्ये परत सोडायचं. दुसऱ्या सेलमध्ये नाही.

आपल्याकडच्या ट्युब्युलरमध्ये फुल चार्जला साधारण १.२४० ते १.२५० येते, दुकानात याला बाराशे चाळीस म्हणतात. गाडीच्या बॅटरीची याहून जास्त असते, त्यामुळे गाडीचे आकडे इथे लावू नका. हायड्रोमीटरवरचे हिरवा-पांढरा-लाल पट्टे ढोबळ असतात, आकडाच लिहा. आपल्याकडे हा आकडा २७ अंशाला धरतात. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला बॅटरीतलं ॲसिडच ४२ अंशांवर असेल तर वाचलेल्या आकड्यात ०.०१० मिळवायचे, म्हणजे दर १० अंशांना ०.००७ असा हिशोब.

यात महत्त्वाचं म्हणजे सहा सेलमधला फरक. सहाच्या सहा १२२० असतील तर बॅटरी नीट भरलेली नाही किंवा सल्फेट धरायला लागलीये, म्हणजे प्लेटवर सल्फेटचा थर बसायला लागलाय, दोन-तीन दिवस सलग चार्जिंग मिळालं तर अजून वर येऊ शकते. पण पाच १२४० आणि एक ११८० असेल तर तो सेल आजारी आहे. फरक ०.०३० च्या पुढे गेला की लक्ष ठेवायचं, ०.०५० च्या पुढे गेला आणि फुल चार्जनंतरही तसाच राहिला तर बॅटरी जायच्या मार्गावर आहे असं धरायचं.

इथे एक कळकळीची विनंती. ग्रॅव्हिटी कमी आली म्हणून कुणी ॲसिड बदलून देतो, नवीन ॲसिड टाकतो म्हणाला तर टाकू देऊ नका. कमी आलेली ग्रॅव्हिटी म्हणजे ॲसिड प्लेटमध्ये अडकलंय, सल्फेट होऊन बसलंय. वरून जास्तीचं ॲसिड ओतलं की आकडा छान दिसतो, चार-सहा आठवडे बरं वाटतं, पण प्लेट तशाच राहतात आणि जास्त तीव्र ॲसिडमुळे अजून लवकर झिजतात. बॅटरीला जन्मभर फक्त पाणी लागतं, ॲसिड लागतं ते फक्त सांडलं असेल तर आणि तेही जाणकाराकडूनच भरून घ्यायचं.

खरी टेस्ट: लोड आणि घड्याळ

याला तीन-चार तास लागतात, म्हणून लोक करत नाहीत, पण या एका टेस्टने जे कळतं ते बाकी कशानेच कळत नाही.

लोड ठरलेला हवा आणि दरवर्षी तोच हवा. फ्रिज नको कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. तारेचे जुने १०० वॉटचे तीन बल्ब होल्डरला लावून एक बोर्ड करून ठेवला तर सगळ्यात सोपं, ३०० वॉट म्हणजे ३०० वॉट. नसतील तर ठरलेले पंखे ठरलेल्या स्पीडवर, साधा सीलिंग फॅन ७५ वॉटच्या आसपास असतो आणि बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) फुल स्पीडला ३० च्या आसपास. काय काय लावलं होतं ते लिहून ठेवा म्हणजे पुढच्या वर्षी तेच लावता येईल.

रात्रभर चार्ज केलेली बॅटरी, सकाळी मेन बंद, लोड चालू, वेळ लिहा. पाच मिनिटांनी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, मग दर पंधरा मिनिटांनी. ३०० वॉटला १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण ३० अँपिअर जातात, इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून. लोड चालू असताना व्होल्टेज १०.८ ला आलं की आपण हाताने थांबवायचं आणि वेळ लिहायची. इन्व्हर्टर स्वतः साधारण १०.५ ला कट करतो पण तिथपर्यंत ताणायची गरज नाही. आणि थांबवलं की लगेच मेन चालू करायचा, रिकामी बॅटरी तशीच ठेवली की सल्फेट घट्ट व्हायला लागतं.

किती वेळ यायला हवा? इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. १५० गुणिले १२ म्हणजे १८०० वॉटतास, भागिले ३०० म्हणजे सहा तास, असा हिशोब करून लोक नवीन बॅटरीलाच खराब ठरवतात. डब्यावरचं १५० एएच हे सी-२० चं असतं, म्हणजे ७.५ अँपिअरने २० तास. तिच्यातून ३० अँपिअर ओढले तर तेवढा माल बाहेर येत नाही, लोड जेवढा मोठा तेवढी बॅटरी कमी देते, त्यात इन्व्हर्टरमध्ये १५-२० टक्के जातात. त्यामुळे चांगल्या नव्या १५० एएचला ३०० वॉटवर तीन-सव्वातीन तास आले तर ती व्यवस्थित आहे. आणि सगळ्यात भरवशाचा आकडा म्हणजे तुमच्याच बॅटरीचा ती नवीन असतानाचा आकडा. म्हणून नवीन बॅटरी घेतली की महिना-दोन महिन्यांत एकदा ही टेस्ट करून तारीख, लोड, मिनिटं आणि सहा ग्रॅव्हिटी एका कागदावर लिहून इन्व्हर्टरवरच चिकटवून ठेवा.

समजा नवी असताना १८० मिनिटं आली होती. आज १४४ आली म्हणजे ८० टक्के. सबस्टेशन, टेलिफोन एक्सचेंज, डेटा सेंटर अशा ठिकाणी बॅटरी ८० टक्क्यांवर आली की बदलायची असा आयईईई या इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा सल्ला आहे, कारण त्याच्यापुढे घसरण वेगात होते. घरासाठी मी एवढा कडक राहणार नाही. दोन पंखे आणि चार लाईट असतील तर ८० टक्क्यांवर वर्षातून दोनदा टेस्ट सुरू करायची आणि ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे या उदाहरणात १०८ मिनिटांवर, बदलायची. तोपर्यंत वापरण्यात काही चूक नाही, पैसे झाडाला लागत नाहीत.

पण घरात कुणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असेल तर ८० टक्के म्हणजे ८० टक्के, त्याच्या खाली एक दिवसही नको. ५ लिटरचं मशीन ३०० ते ३५० वॉटच्या आसपास घेतं, म्हणजे वरची टेस्ट म्हणजे जवळजवळ तेच मशीन. आणि तिथे भरलेला सिलेंडर घरात असल्याशिवाय टेस्टला हात लावू नका, टेस्टनंतर रात्रभर बॅकअप नसणार हे लक्षात घ्या, आणि टेस्टसाठी लोड म्हणून बल्बच लावा, मशीन नाही.

टेस्ट चालू असताना बॅटरी कशी घसरते त्यावरून पण कळतं. चांगली बॅटरी लोड लावल्यावर थोडी खाली बसते आणि मग हळूहळू, सावकाश उतरते. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच ११.५ च्या खाली गेली तर सल्फेट किंवा वाईट सेल. बराच वेळ ठीक चालून अचानक एकदम दीड-दोन व्होल्ट पडले तर एक सेल बाकीच्यांच्या आधी रिकामा झालाय, अशावेळी टेस्ट थांबल्यावर लगेच ग्रॅव्हिटी घ्या, एक सेल बाकी पाचांपेक्षा खूप खाली दिसेल.

लोड चालू असतानाच अजून एक गोष्ट तपासा, मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरी त्याच्यावर बसलेल्या वायरच्या लगवर. इथे जवळजवळ शून्य यायला पाहिजे. ०.२ किंवा जास्त आलं तर तो सांधा सैल आहे किंवा घाण आहे, तो गरम पण होत असेल. दोन सांध्यांवर मिळून अर्धा व्होल्ट गेला तर इन्व्हर्टर तेवढा लवकर कट होतो आणि दोष बॅटरीला लागतो. नुसतं घासून घट्ट केल्यावर अर्धा-पाऊण तास परत मिळाला असं होऊ शकतं, त्यामुळे हे तपासल्याशिवाय नवीन बॅटरीचा विचारच नको.

ही पूर्ण टेस्ट वर्षातून एकदा पुरे. दर महिन्याला करू नका, खोलवर रिकामी करणं म्हणजे तिच्या आयुष्यातली एक सायकल खर्च करणं.

दोन बॅटऱ्या असतील तर

२४ व्होल्टच्या सेटमध्ये टेस्ट करताना प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज वेगळा लिहा. लोडवर दोघींमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडायला लागला तर कमी असलेली संशयित. प्रश्न हा की एकच बदलायची का? सहा-आठ महिन्यांत एक बिघडली, वॉरंटीत आहे, तर बदला. पण चार वर्षांच्या जोडीत एकच नवी घातली की दोन्ही सारख्या चार्ज होत नाहीत, जुनी लवकर भरते आणि उकळत राहते, नवी अर्धवट राहून सल्फेट धरते, आणि लोडवर जुनीच आधी संपते. नव्या बॅटरीचं आयुष्य जुनीच्या बरोबरीनं जातं. दोन्ही बदला, एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या, जमलं तर एकाच बॅचच्या. जुन्यातली बरी असेल ती दुसऱ्या एखाद्या १२ व्होल्टच्या कामाला वापरता येईल.

एसएमएफ, लिफ्ट, जनरेटर

कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी सीलबंद असते, ग्रॅव्हिटी घेता येत नाही. तिला स्कूटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावा, पावणेदोन अँपिअरच्या आसपास लोड होतो, नवी असेल तर साधारण अडीच-तीन तास चालून १०.५ ला येते. तासाभराच्या आत आली तर बदला. ती दोन ते चार वर्षांचीच असते, उष्णतेत अजून कमी. ढोबळ नियम असा आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की लेड-ॲसिडचं आयुष्य निम्मं होतं, आणि यूपीएसच्या आत कायम गरम असतं. फुगून आत अडकलेली असेल तर स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका, यूपीएसची बॉडी खोला.

सोसायटीत राहणाऱ्यांनी कमिटीला हे दोन प्रश्न विचाराच. लिफ्टमध्ये एआरडी आहे का, म्हणजे लाईट गेल्यावर जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी सिस्टीम, आणि असेल तर तिच्या बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्या. एएमसीवाल्याला (लिफ्टची देखभाल करणाऱ्याला) सांगून मेन पाडून प्रत्यक्ष लिफ्ट मजल्यावर येते का ते बघून घ्या, तोंडी उत्तरावर विश्वास नको, आत अडकणारं माणूस म्हातारं असू शकतं, एकटं मूल असू शकतं.

दुसरं म्हणजे जनरेटरची स्टार्टिंग बॅटरी. डिझेल भरलेलं असतं, सर्व्हिसिंग झालेलं असतं, आणि बॅटरी बसल्यामुळे लाखोंचा जनरेटर चालूच होत नाही. हिची टेस्ट वेगळी, हिला तासन् तास लोड नको, क्रँक करताना, म्हणजे इंजिन फिरवून चालू करताना, मीटरवर बघायचं. १२ व्होल्टच्या बॅटरीत सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेलं तर बदला. दुकानदार चिमट्यासारखा लोड टेस्टर लावून दहा-पंधरा सेकंदात निकाल देतात तो याच कामासाठी आहे, इन्व्हर्टरच्या ट्युब्युलरवर त्याच निकालावर बॅटरी बाद करून घेऊ नका, तिचं काम दहा सेकंदांचं नाही, तीन तासांचं आहे.

बदलताना

ट्युब्युलर नीट सांभाळली तर चार-सहा वर्षं, फ्लॅट प्लेट (सपाट प्लेटची बॅटरी) त्याहून कमी. पश्चिमेच्या उन्हाच्या गॅलरीत ठेवलेली असेल तर एवढी अपेक्षा करू नका.

विकत घेताना आधी तयार झाल्याची तारीख वाचायला सांगा. कोड कंपनीनुसार वेगळा असतो, दुकानदाराला तो वाचता येतो, समोर वाचून घ्या. भरलेली बॅटरी नुसती पडून राहिली तरी आपोआप उतरत जाते आणि दुकानात सहा महिने चार्जिंगशिवाय राहिलेली बॅटरी नवी असूनही थोडी म्हातारी झालेलीच असते, दोन-तीन महिन्यांच्या आतली मागा. वजन बघा, कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं, शिसं कमी तर आयुष्य कमी. आणि वॉरंटी ३६ + २४ अशी लिहिली असेल तर पहिले ३६ महिने बदलून मिळते, पुढचे २४ फक्त किमतीत काही टक्के सूट मिळते, ६० महिने फुकट बदलून मिळेल असं समजू नका. बिल आणि शिक्का मारलेलं कार्ड दोन्ही जपा. वॉरंटीत दुकानदार दोन-तीन दिवस बॅटरी चार्ज-टेस्टला नेतो, तेव्हा तुमच्या टेस्टचा कागद दाखवा, तारखांसकट आकडे समोर असले की बोलणं लवकर मार्गी लागतं.

लिथियम, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), घ्यायची असेल तर आधी तुमचा इन्व्हर्टर तिला चालतो का ते विचारा. आयुष्य जास्त, पाण्याची कटकट नाही, वजन हलकं, पण तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो त्यामुळे वरचे व्होल्टेजचे आकडे तिला लागू नाहीत. घड्याळाची टेस्ट मात्र तिलाही तशीच लागू.

घरी आणल्यावर इन्व्हर्टरच्या मागचं छोटं बटण बघा, फ्लॅट, ट्युब्युलर, एसएमएफ असं असतं. जुनी फ्लॅट होती, नवी ट्युब्युलर आणली आणि बटण तिथेच राहिलं तर नवी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. एसएमएफ लावून बटण ट्युब्युलरवर राहिलं तर उलटं, ती जास्त चार्ज होऊन सुकते आणि फुगते. बसवायला आलेला माणूस हे विसरतो, तुम्ही उभं राहून बघा. १५० एएचची भरलेली ट्युब्युलर ५० किलोच्या पुढे असते, एकट्याने उचलू नका आणि आडवी करू नका. पहिल्या वापराआधी १०-१२ तास चार्जिंग द्या.

जुनी बॅटरी

एक्स्चेंजमध्येच द्या, पण समोर वजन करून. आत साठ टक्क्यांच्या आसपास वजन शिशाचं असतं म्हणून तिला चांगला भाव मिळतो, फुकटात सोडून देऊ नका. ॲसिड ओतून टाकून वजन हलकं करून आण असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते ॲसिड गटारात किंवा झाडाखाली जातं आणि त्यात शिसं असतं. गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याला पण नको, तिथून ती उघड्यावर फोडून भट्टीत वितळवणाऱ्याकडे जाऊ शकते आणि त्या धुराचा सगळ्यात जास्त त्रास आजूबाजूच्या लहान मुलांना होतो, शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. २००१ पासून जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम आहेत आणि २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्सप्रमाणे ही जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे अधिकृत डीलरकडे द्यायची आणि बिलावर जुन्या बॅटरीचं वजन आणि वजा केलेली रक्कम लिहून घ्यायची. घरात पडलेल्या यूपीएसच्या छोट्या बॅटऱ्या पण त्याच फेरीत द्या, टर्मिनलवर चिकटपट्टी लावून, म्हणजे पिशवीत एकमेकींना शॉर्ट होणार नाहीत.